अर्ध्यावर अडवलेलं कुजणं

२०१६च्या जानेवारी अखेरीस देवनारचं डम्पिंग ग्राउंड पेटलं आणि दिवसेंदिवस धुमसत राहिलं. मानखुर्द-गोवंडीत लोकांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या, आसपासच्या शाळांना सुट्टी द्यावी लागली, आणि धुराचा पट्टा इतका लांबला की नासाच्या उपग्रहांनी घेतलेल्या छायाचित्रांतही तो उमटला. १९२७पासून मुंबई इथं आपला कचरा आणून ओतते आहे. आग कशी लागली यावर पुष्कळ वाद झाले. पण नुसतं वरून पाणी मारून ती विझेना, कारण तिला लागणारं इंधन आतून येत होतं. त्या डोंगराच्या पोटात हवा पोचत नाही. तिथं भाजीचे देठ, केळीची सालं, शिळा भात, देवाला वाहिलेले हार असं सगळं वर्षानुवर्षं दबून पडलेलं असतं आणि त्यातून मिथेन हा जळणारा वायू तयार होत राहतो.

आता सांगोल्याकडे किंवा जतकडे चला. तिथला दूधवाला शेतकरी मुद्दाम तेच करतो. हिरवागार मका कापतो, त्याचे तुकडे करतो, खड्ड्यात लोटतो, वरून ट्रॅक्टर फिरवून दाबतो, प्लास्टिकचा कागद अंथरून माती टाकतो आणि काही महिने तिकडे ढुंकूनही बघत नाही. उन्हाळ्यात खड्ड्याचं तोंड उघडलं की ना मिथेनचा भडका, ना नाक दाबायला लावणारी घाण. पिवळसर-हिरवी, ओलसर, आंबटगोड वासाची कुट्टी निघते आणि गोठ्यातली म्हैस दावं ताणून तिच्याकडे मान टाकते. याला मुरघास म्हणतात.

दोन्हीकडे ओली वनस्पती, दोन्हीकडे दाब, दोन्हीकडे हवेला मज्जाव. एकीकडे आग, दुसरीकडे दूध. हा फरक नेमका कुठे पडतो, हे मला कितीतरी दिवस कळत नव्हतं, आणि कळल्यावर तर अधिकच नवल वाटलं. कारण तो एका आकड्यात मावतो. तो आकडा चार.

पदार्थ किती आंबट हे मोजायचं माप म्हणजे सामू. शुद्ध पाण्याचा सामू ७. तो जितका खाली, तितकी आंबटाई जास्त, आणि हे माप दहापटीच्या पायऱ्यांनी उतरतं. म्हणजे सामू ४ असलेला पदार्थ पाण्याच्या हजारपट आम्ल. मुरघासाची सगळी कला म्हणजे चाऱ्याला कुजायला सुरुवात करू द्यायची, सामू चारच्या आसपास उतरेपर्यंत थांबायचं, आणि मग त्या आंबटाईनेच पुढचं कुजणं अडवायचं. अडवायला वेगळं काही लागत नाही. कुजवणारेच जीव स्वतः बनवलेल्या आम्लात जखडले जातात.

हे घडवून आणायची तयारी मात्र शेतातच सुरू होते. आपल्याकडे मुरघासासाठी मका सर्वांत लाडका. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेला ‘आफ्रिकन टॉल’ हा चाऱ्याचा वाण तर पुरुषभर उंचीच्या कितीतरी वर जातो. पण कापायचा कधी? कोवळ्या मक्यात पाणी फार आणि साखर विरळ. पार वाळलेल्या मक्यात साखरेचा स्टार्च झालेला, देठ कडक, दाबला तरी मध्ये हवा राहणारच. म्हणून कणसातला दाणा चिकात आला, नखाने दाबल्यावर दूध आणि पीठ यांच्या मधलं काहीतरी बाहेर आलं, की कोयता लावायचा. पेरणीपासून साधारण पंचाहत्तर ते नव्वद दिवसांत ही वेळ येते. त्या वेळी शंभर किलो मक्यात पासष्ट-सत्तर किलो पाणी असतं. मोजायला यंत्र लागत नाही. कुट्टी मुठीत घट्ट दाबायची आणि मूठ उघडायची. बोटांतून पाणी गळलं तर माल फार ओला, गोळा लगेच विस्कटला तर फार कोरडा. गोळा क्षणभर टिकून सावकाश सैल झाला तर खड्डा भरायला घ्यायचा.

तुकडे अर्धा ते पाऊण इंचाचे. यामागे जनावराच्या सोयीपेक्षा हवेचा विचार जास्त आहे. लांब देठांचा ढीग कितीही तुडवला तरी स्प्रिंगसारखा पुन्हा वर येतो. बारीक कुट्टी बसते. अर्धा फूट थर टाकायचा, ट्रॅक्टर मागे-पुढे करायचा, कडा पायांनी तुडवायच्या, मग पुढचा थर. कडेला ट्रॅक्टर पोचत नाही आणि कसलेला शेतकरीसुद्धा कडेलाच कंटाळा करतो, असं कुठलाही खड्डा उघडताना दिसतं. बुरशी पहिली भिंतीलगत सापडते. नीट दाबलेल्या खड्ड्यात एका घनफुटात पंधरा-सोळा किलो माल बसतो. हे काम एका दिवसात, फार तर दोन दिवसांत उरकावं लागतं. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर, भाड्याची कुट्टी मशीन, माणसं, सगळं एकदम जुळून यावं लागतं, आणि नेमकं तेव्हाच ढग दाटून येतात.

कागद पडला, कडा मातीने बुजल्या, वर जुने टायर किंवा मातीच्या गोण्या ठेवल्या. बाहेरून बघता काम संपलं. आत ते आता सुरू होतं.

पहिली गोष्ट ध्यानात घ्यायची ती ही की कापलेला मका मेलेला नसतो. त्याच्या पेशी श्वास घेत असतात. कुट्टीच्या फटींत अडकलेला ऑक्सिजन घेऊन त्या साखर जाळतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात, ऊब सोडतात. खड्डा चांगला दाबलेला असेल तर काही तासांत हा ऑक्सिजन संपतो. दाब कमी पडला असेल तर हे श्वसन लांबतं आणि आतलं तापमान चढत जातं. पन्नास अंशांच्या आसपास एक फसवं रसायन घडतं. साखर आणि प्रथिनं एकमेकांना चिकटतात, माल तपकिरी होतो, त्याला काकवीसारखा, भाजल्यासारखा खमंग वास येतो. जनावरं तो मिटक्या मारत खातात. शेतकरी खूश होतो. पण चिकटलेलं प्रथिन पचतच नाही. बरंचसं शेणावाटे बाहेर जातं. मुरघासात सगळ्यात चवदार तो सगळ्यात पौष्टिक, असं मुळीच नाही.

ऑक्सिजन संपला की खो-खो सुरू होतो. आधी मिळेल ते खाणारे जिवाणू वाढतात आणि सामू पाचच्या आसपास उतरवतात. तो उतरला की ते स्वतःच मागे पडतात, आणि लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू पुढे येतात. हे कुणी सोडलेले नसतात. मक्याच्या पानांवर ते शेतात असतानाच बसलेले असतात, पण फार थोडे. कापणी, कुट्टी, रस सुटणं या गडबडीत त्यांची संख्या वाढू लागते आणि काही दिवसांत एक ग्रॅम चाऱ्यात अब्जापर्यंत पोचते. खड्ड्यात बारा टन माल आहे म्हटल्यावर आत किती जीव राबतात याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. मी तो मांडायला गेलो तर शून्यं मोजताना वाट चुकली.

या जिवाणूंचं काम काटकसरीचं आहे. त्यांतले सर्वांत कुशल एका ग्लुकोजच्या रेणूचे दोन सरळ भाग करतात आणि प्रत्येक भाग म्हणजे लॅक्टिक आम्लाचा एक रेणू. वजन जवळजवळ तेवढंच, ऊर्जाही जवळजवळ तेवढीच, वायू म्हणून काही उडून जात नाही. साखर गेली, आम्ल आलं, आणि जनावराच्या पोटात ते आम्लही अन्न म्हणूनच वापरलं जातं. अन्न टिकवण्याच्या बहुतेक युक्त्यांत आपण काहीतरी गमावतो, इथं चोख काम झालं तर फारच थोडं. दोन-तीन आठवड्यांत सामू चारवर येऊन स्थिरावतो. आपल्याकडे तरी चाळीस-पंचेचाळीस दिवस खड्डा उघडू नये असं सांगतात. त्यानंतर हवा शिरली नाही तर वर्ष जावो, दोन वर्षं जावोत, माल जसाच्या तसा.

गावाकडे मुरघासाला ‘जनावरांचं लोणचं’ म्हणायची पद्धत आहे. उपमा गोड आहे पण अर्धीच खरी. लोणच्यात आपण मीठ ओततो, तेलाचा थर देतो, लिंबाचं आम्ल आयतंच आणतो. इथं आम्ल बाहेरून येत नाही, चाऱ्याच्याच साखरेतून ते आतल्या आत घडतं. म्हणून साखर कमी असलेला चारा हटवादी ठरतो. लसूणघास हे त्याचं ठळक उदाहरण. प्रथिनं भरपूर, साखर तोकडी, आणि शिवाय आम्ल शोषून घेण्याची सवय. नुसत्या लसूणघासाचा मुरघास करायला गेलं की बहुधा घाणच हाती लागते. हत्तीगवताचा मुरघास करायचा असेल तर ते आधी थोडं सुकवतात, गुळाचं पाणी किंवा मळी शिंपडतात. गूळ म्हशीला गोड लागावा म्हणून नाही, तर त्या न दिसणाऱ्या कामगारांना कच्चा माल पुरावा म्हणून.

फिनलंडच्या आर्तुरी विर्तानेन या रसायनशास्त्रज्ञाने मात्र लोणच्याचाच मार्ग धरला होता. तिकडे थंडी कडक, उन्हाळा एवढासा, गवतात साखर बेताची. जिवाणूंची वाट कशाला बघायची, असं म्हणून त्याने चाऱ्यावर थेट पातळ केलेली खनिज आम्लं ओतायला सुरुवात केली आणि सामू पहिल्याच दिवशी चारखाली आणला. या कामासाठी त्याला १९४५ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. चारा साठवण्याला नोबेल मिळालं आहे, हे आपल्याकडच्या पशुपालनाच्या मेळाव्यांत कुणी का सांगत नाही, देव जाणे. त्याच्याही आधी, १८७७मध्ये, ऑग्युस्त गोफार या फ्रेंच शेतकऱ्याने मक्याच्या मुरघासावर पुस्तक लिहिलं होतं. खड्ड्यात मका दाबण्याची आजची रीत तिथून जगभर पसरली.

आता जिथं सगळं बिघडतं तिथं येऊ. माझ्या मते मुरघासाचं खरं नाट्य यातच आहे.

मातीत क्लॉस्ट्रिडियम नावाच्या जिवाणूंचे बीजाणू असतात. त्यांनाही हवा नकोच असते, म्हणजे खड्डा त्यांनाही तितकाच मानवतो. त्यांना हवा असतो तो ओलेपणा आणि फार आंबट नसलेला परिसर. ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर चिखल खड्ड्यात आला, माल फार ओला असला, सामू खाली यायला उशीर झाला, की ते जागे होतात आणि खातात काय, तर दुसऱ्यांनी कष्टाने बनवलेलं लॅक्टिक आम्लच. १८० ग्रॅम लॅक्टिक आम्लातून ८८ ग्रॅम ब्युटिरिक आम्ल उरतं. बाकीचं निम्म्याहून अधिक वजन कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन होऊन निसटतं. उरलेलं आम्लही मूळच्यापेक्षा दुबळं. त्यामुळे सामू खाली जायचा तो वर चढू लागतो. तो चढला की त्यांचेच भाऊबंद प्रथिनांवर तुटून पडतात, अमोनिया सुटतो, अमोनिया उरलंसुरलं आम्ल मारतो, सामू आणखी चढतो. हा खड्डा उघडला की खवट लोण्याचा, ओकारीचा वास अंगाला असा चिकटतो की अंघोळ केली तरी जात नाही.

देवनारच्या डोंगरात घडतं ते हेच, फक्त शेवटापर्यंत. तिथंही आधी काही दिवस श्वसन होतं, ऑक्सिजन संपतो, मग आंबण्याचा टप्पा येतो. कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी सुरुवातीला आंबटच असतं. पण साखर कमी, बाकी भेसळ अपार. राडारोड्यातला चुना, चुलीची राख, माती, मांस-मासळीच्या प्रथिनांतून सुटणारा अमोनिया, वरून धो-धो पाऊस. आंबटाई चारपर्यंत उतरायच्या आधीच तिला तोड मिळते आणि सामू पुन्हा सातकडे वळतो. तिथं मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव वाट बघत असतात. ते आदिम आणि मोठे नाजूक असतात. सामू सातच्या आसपास असला की सुखात, सहाखाली गेला की त्यांचं काम जवळपास ठप्प. मुरघासाच्या खड्ड्यात त्यांचा पाय टिकत नाही तो यामुळे. देवनारमध्ये त्यांना रोखणारं आम्ल उरलेलंच नाही.

आणखी एक हवाबंद जागा राहिली, ती म्हणजे म्हैस. तिचं कोठीपोट शंभर लिटरहून मोठं असतं, आत ३९ अंशांची ऊब, हवा जवळजवळ नाहीच, आणि सामू सहा ते सातच्या दरम्यान. हा सामू राखायला ती दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ गिळते. लाळेत सोडा असतो. रवंथ करणारी म्हैस निवांत दिसते, पण त्या वेळी ती आपल्या पोटातली आंबटाई तोलत असते. मुरघास तिथं पोचला की चार सामूवर जखडलेलं कुजणं लाळेने मोकळं होतं आणि थांबलं होतं तिथून पुढे चालू लागतं. लॅक्टिक आम्लाचं पोटातले दुसरे जिवाणू प्रोपिऑनिक आम्ल करतात, ते यकृतात जाऊन ग्लुकोज होतं आणि कासेत त्याची दुधातली साखर होते. ॲसिटिक आम्लाचा दुधातल्या स्निग्धांशात हातभार लागतो. चहात घातलेल्या म्हशीच्या दुधावर धरणाऱ्या सायीचा एक धागा असा थेट त्या खड्ड्यापर्यंत जातो.

आणि हो, मिथेन म्हशीतही बनतो. देवनारच्या जीवांचे जवळचे नातलग तिच्या पोटात राहतात. खाल्लेल्या ऊर्जेतला साधारण सहा टक्के भाग ती मिथेन म्हणून ढेकरेतून सोडते. म्हणजे एकच वनस्पती, तीन हवाबंद जागा. खड्ड्यात सामू चार, म्हणून सगळं थांबलेलं. डोंगरात सात, म्हणून सगळं वाहून चाललेलं. म्हशीत या दोहोंच्या मध्ये, लाळेच्या लगामाने चाललेलं, आणि त्याचा मोठा वाटा दुधाकडे वळवलेला.

खड्डा नीट मुरला म्हणजे जिंकलो असं समजणारे मात्र तोंड उघडल्यावर हरतात. कागद मागे घेतला की हवा आत शिरते आणि मुरघासात इतके दिवस मुकाट बसलेले यीस्ट जागे होतात. त्यांना आंबटाईचं भय नसतं. ऑक्सिजन मिळताच ते लॅक्टिक आम्लच खायला घेतात. आम्ल कमी झालं की सामू वर, आणि मग बुरशी. पहाटे उघड्या तोंडातून वाफा निघताना दिसल्या तर हे सुरू झालंय असं समजावं. इथं एक चमत्कार सांगितलाच पाहिजे. बाजारात मुरघासासाठी जी ‘कल्चर’ची पाकिटं मिळतात त्यांतल्या काहींत लॅक्टोबॅसिलस बुखनेरी नावाचा जिवाणू असतो. तो इतरांइतका काटकसरी नाही. काम करताना थोडं ॲसिटिक आम्ल करतो, थोडं वजन गमावतो. जुने तज्ज्ञ अशा जिवाणूंना अडाणी समजत. पण त्याचं ते ॲसिटिक आम्लच यीस्टला आवरतं आणि तोंड उघडल्यावर माल टिकवतं.

तोंडाची खरी लढाई मात्र जिवाणूंनी नाही, फूटपट्टीने जिंकायची असते. पाच म्हशी, प्रत्येकीला दिवसाला वीस किलो, असे चार महिने. म्हणजे बारा टन. घनफुटाला पंधरा किलो धरले तर आठशे घनफूट, म्हणजे वीस फूट लांब, आठ फूट रुंद, पाच फूट खोल. खड्डा खणून मोकळं व्हावं असा सोपा हिशेब. पण काढताना बघा. तोंड चाळीस चौरस फुटांचं. पाच म्हशी रोज शंभर किलो खाणार, म्हणजे रोज जेमतेम दोन इंच थर निघणार. हवा मात्र त्याहून खोल शिरते. उन्हाळ्यात रोज अर्धा फूट तरी थर तोंडभर सरळ कापला गेला पाहिजे, नाहीतर म्हशीच्या आधी बुरशी जेवते. अर्धा फूट कापायचं तर पाच म्हशींसाठी तोंड तेरा-चौदा चौरस फुटांहून मोठं नको. साडेतीन फूट रुंद, चार फूट उंच, आणि लांबी हवी तेवढी. दिसायला तो खड्डा कमी आणि चर जास्त. मोठा, चौरस, डोळ्यांत भरणारा खड्डा खणायचा मोह आपल्याकडे फार. अनुदानाच्या फोटोतही तो चांगला दिसतो. पाच-सात जनावरांच्या घरी तो नासाडीचाच.

म्हणूनच टनभराच्या बॅगा आणि पन्नास-साठ किलोच्या गाठी इतक्या लवकर रुळल्या. गाठ एकदा फोडली की त्याच दिवशी संपते, तिला तोंडच नसतं. शिवाय ती विकता येते. सोलापूर-सांगली-अहिल्यानगरकडे आता मका पिकवून मुरघासाच्या गाठी विकणं हा स्वतंत्र धंदा झाला आहे. दुष्काळात छावण्या उघडून उसाचं वाढं वाटण्यापेक्षा बऱ्या पावसाच्या वर्षी गावोगाव मुरघास दाबून ठेवणं शहाणपणाचं, असं माझं स्पष्ट मत आहे. वाढ्यातलं ऑक्झॅलेट जनावराच्या अंगातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, आणि छावणी उघडेपर्यंत दुभती म्हैस अर्धी झालेली असते.

दोन इशारे द्यायला हवेत. पावसाने ताण देऊन मग एकदम झोडपलं, किंवा युरिया भरमसाट टाकला, की मक्याच्या बुंध्यात नायट्रेट साठतं. अशा मालातून पहिल्या काही आठवड्यांत पिवळट-तपकिरी, हवेपेक्षा जड विषारी वायू निघू शकतो. खोल खड्ड्याच्या तळाशी कार्बन डायऑक्साइडही साचतो. ताज्या भरलेल्या खोल खड्ड्यात एकट्याने उतरणं म्हणजे मुंबईत मॅनहोलमध्ये उतरण्याइतकंच जिवावरचं. दुसरा इशारा शेळ्या-मेंढ्यांसाठी. नीट न आंबलेल्या, बुरसटलेल्या मुरघासात लिस्टेरिया वाढतो आणि तो म्हशीपेक्षा शेळीला लवकर गाठतो. शेळी एकाच दिशेने गोल गोल फिरू लागते आणि बहुधा वाचत नाही.

मग मुंबईत, मानखुर्दसारख्या खाडीकाठी, मुरघासाचा खड्डा का नाही? सोपं उत्तर म्हणजे जागा नाही, आणि खाडीलगतच्या भरावात खणलं तर पाणी लागेल. ओल्या मालातून झिरपणारा रसही इथं परवडायचा नाही. सांडपाण्याच्या कितीतरी पट, दोनशे पटीपर्यंत, तो पाण्यातला ऑक्सिजन ओढतो. खाडीत गेला तर मासे तडफडतील. पण खरं कारण वजनाचं आहे. गाई-म्हशी मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या होत्या, कारण दूध नासायचं आणि वाळलं गवत नासायचं नाही. ठाणे जिल्ह्यातून गवताच्या गाठी शहरातल्या तबेल्यांकडे येत, आणि दूध गल्लीतच काढलं जाई. १९४९मध्ये दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने आरे दुग्ध वसाहत उभी राहिली, शहरातले तबेले तिकडे हलवायला सुरुवात झाली, पण म्हैस मुंबईच्या आसपासच राहिली. १९७६च्या कायद्याने शहरात गुरं पाळायला परवाना सक्तीचा केला, तेव्हाही तबेले पुरते गेले नाहीत.

मुरघासाने हा जुना हिशेब उलटा केला. वाळल्या गवतात पाणी दहा टक्के, मुरघासात पासष्टच्या वर. वाशीच्या पुलावरून मानखुर्दला उतरणाऱ्या दहा टनी ट्रकमध्ये मुरघास भरला तर त्यातलं साडेसहा टन नुसतं पाणी. तो दहा टन माल वीस किलोच्या हिशेबाने पाचशे म्हशींची एका दिवसाची वैरण. म्हैस आठ लिटर देते असं धरा, तर त्यावर चार हजार लिटर दूध, आणि तेही जोडीला पेंड आणि कडबा वेगळा घालून. दूध थंड करून टँकरने आणता येत नव्हतं तोवर चारा शहरात आणणं भाग होतं. आता दहा टन चारा आणण्यापेक्षा चार टन दूध आणणं सोपं, म्हणून खड्डा सांगोल्यात आणि टँकर मुंबईत.

तरी गाठी येतातच. शहरात जे तबेले उरलेत त्यांच्याकडे पहाटे किटली घेऊन येणारं गिऱ्हाईक पिशवीतल्या दुधाला हात लावत नाही. समोर काढलेलं, फेसाळ, म्हशीचंच दूध त्याला हवं असतं आणि त्यासाठी तो लिटरमागे दहा-वीस रुपये जास्त मोजतो. तेवढ्यात साडेसहा टन पाण्याचं भाडं निघतं.